मुसाफिरखान्यातला भला माणूस

"किती माणसं?"

"एकटाच आहे."

"मग घरी जा. एकट्याला आत सोडत नाही."

गार्डसाहेबांचं आणि माझं पहिलं बोलणं हे एवढंच. नाताळचा आदला दिवस होता. ऊन नुकतंच डोंगराआड गेलं होतं. कॅसलरॉक स्टेशनच्या मालधक्क्यामागे ताडपत्रीचा मांडव घातलेला आणि त्याच्या तोंडाशी, पितळी बटणांचा काळा कोट घालून, हातात घड्याळ धरून हे म्हातारे गृहस्थ उभे. मी बेळगावाहून इथल्या लाकडाच्या वखारीत कारकून म्हणून नुकताच आलो होतो. जर्मनांशी झालेल्या त्या पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीची ही गोष्ट. बायस्कोप हा शब्द मी ऐकला होता, पण पडद्यावर हलणारं चित्र कधी बघितलं नव्हतं, आणि इथे जंगलात बायस्कोप आहे म्हटल्यावर मी धुतलेला सदरा घालून आलो होतो.

"तिकीट काढतो की," मी म्हणालो.

"तिकीट नाहीच. हा कुटुंबाचा बायस्कोप. कुटुंब घेऊन ये."

"माझं लग्न झालेलं नाही."

"आई?"

"बेळगावात."

त्यांनी घड्याळात बघितलं. "गाडी सुटायला अजून वेळ आहे. बघ कुठे मिळालं तर."

कुटुंब ही काय बाजारात मिळणारी वस्तू आहे? मी संतापून फणसाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात दिग्गीची गावकरीण आपला सगळा गोतावळा घेऊन आली. लेक, सुना, नातवंडं, आणि कुणाच्या तरी काखेत एक बकरीचं पिल्लू. दिग्गीहून रान तुडवत येणारी ही माणसं सकाळीच निघायची. बाई वखारीत मध विकायला यायची, म्हणून ओळख होती.

"का रं पुता, रुसलास काय?"

मी कारण सांगितलं. तिनं माझं मनगट धरलं आणि मला रांगेत ओढून उभं केलं.

"किती माणसं?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"आमी समदी. आनि ह्यो माज्या भनीचा ल्योक."

"बहिणीचा लेक? मघाशी तर एकटा होता."

"मघाशी चुकला हुता. आता घावला."

गार्डसाहेबांच्या मिशा किंचित हलल्या. ते हसले की असंच व्हायचं, हे मला पुढे कळलं. त्यांनी ताडपत्री बाजूला केली आणि मी आत गेलो. त्या दिवसापासून गावकरणीनं मला खरोखरच बहिणीचा लेक मानलं. पावसाळाभर माझ्या खोलीवर रानातले कंद, मध आणि सुनांबद्दलच्या तक्रारी पोचत राहिल्या.

गार्डसाहेब गोव्याकडचे ख्रिस्ती. उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेला होता. नोकरी सुटली तरी डबा त्यांच्या अंगातून सुटला नव्हता. खेळ सुरू करायच्या आधी शिट्टी फुंकायचे आणि हिरवं निशाण हलवायचे. मधे रीळ बदलायचं झालं की यंत्रावर लाल दिवा ठेवायचे आणि म्हणायचे, "गाडी थांबली आहे. कुणी उतरू नका." उशिरा येणाऱ्याला सांगायचे, "गाडी गेली." तो रडवेला झाला की म्हणायचे, "बरं, पळत पकड." माणसांची जातही त्यांनी गाड्यांवरून ठरवलेली होती. वखारीचा आमचा मोठा साहेब म्हणजे मेल, कुणाकडे न बघता जाणारा. मी मालगाडी, कुठेही थांबतो म्हणून. गावकरणीला मात्र ते इंजिन म्हणायचे.

गोव्याच्या हद्दीवर एका फिरत्या बायस्कोपवाल्याचं कस्टमवाल्यांशी भांडण झालं आणि तो यंत्र स्टेशनातच टाकून निघून गेला. बेवारशी सामान म्हणून त्याचा लिलाव झाला, तेव्हा गार्डसाहेबांनी ते घेतलं. सोबत एकच चित्र आलं, येशूच्या जन्माचं. विलायतेत कुणीतरी त्यातल्या एकेका चित्रावर हातानं रंग भरले होते. पण रंग काही जागेवर राहायचा नाही. देवदूताचा पिवळा रंग त्याच्या पंखावरून उडून शेजारच्या गाढवावर बसायचा. पडदा म्हणजे ओलं केलेलं धोतर, आणि दिवा कार्बाइडचा. त्याच्या उग्र वासानं पहिल्या रांगेतली पोरं नाक धरून बसायची, पण जागा सोडायची नाहीत.

चित्र मुकं होतं, त्याचं तोंड गार्डसाहेब. हातानं दांडा फिरवत ते मराठी, कोकणी आणि गरज पडली तर कानडीत बोलत राहायचे.

"ही मारिया. पोटुशी आहे. हा जुझे, सुतार. सरकारनं हुकूम काढलाय, ज्यानं त्यानं आपापल्या गावी जाऊन नाव लिहून घ्यावं. म्हणजे पायपीट आली. सरकार कुठलंही असो, पायपीट गरिबाला."

"व्हय व्हय," मांडव म्हणायचा. जंगलखात्याशी सगळ्यांचाच संबंध होता.

"ह्या पोरीला आता कळा सुरू होतायत. गाव परकं. जुझे एका मुसाफिरखान्याचं दार ठोठावतो."

दार उघडायचं. दाढीवाला, लाल टोपीचा एक जाडा माणूस बाहेर यायचा, हात वर करायचा. मग चित्र एकदम दचकायचं, आणि पुढच्याच क्षणी गोठ्यात गवतावर बाळ, शेजारी बैल, आणि पोरांचा एकच गलका.

हे दचकणं म्हणजे काय, ते सांगायला गार्डसाहेबांच्या लेकीची गोष्ट सांगावी लागेल. ती सगळ्या कॅसलरॉकला माहीत होती आणि गार्डसाहेबांसमोर कुणी काढत नव्हतं. बायको लवकर गेली. लेक त्यांनीच वाढवली. ती मोठी झाली आणि तिनं खानापूरकडच्या एका शाळामास्तराशी लग्न केलं. मास्तरही ख्रिस्तीच, पण दुसऱ्या पंथाचा. ह्यांच्या देवळात मूर्ती आणि मेणबत्त्या, त्यांच्या देवळात नुसते बाक. येशू तोच, मारिया तीच, नाताळची तारीखसुद्धा तीच. मी पुष्कळदा समजून घ्यायचा प्रयत्न केला, पण भांडण नेमकं कशावरून आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्यात शैव-वैष्णवांची भांडणं कशावरून झाली तेही मला कळत नाही, तेव्हा मी गप्प बसलो. लग्नानंतर दोघं पाया पडायला आली, तेव्हा गार्डसाहेबांनी दार लावून घेतलं ते लावलंच.

लेक बापावरच गेली होती. ती दर नाताळला गाडीनं यायची, नवऱ्याला आणि पुढे लेकरालाही स्टेशनात बसवून बापाचं दार ठोठावायची. आत गार्डसाहेब पलंगावर बसून असायचे, उठायचे नाहीत. ती नेवऱ्यांचा, म्हणजे गोव्याकडच्या करंज्यांचा, डबा पायरीवर ठेवायची आणि उलट्या गाडीनं परत जायची. पुढे पुढे तर ती मुद्दाम बायस्कोपच्या वेळेलाच यायला लागली. बाप मांडवात असला म्हणजे त्याच्यावर दार लावून बसायची पाळी यायची नाही, एवढा विचार त्या पोरीनं केला होता. हे मला स्टेशनातल्या हमालानं सांगितलं.

आणि आमचे हे गृहस्थ? नेवऱ्या खायचे. डबा स्वतः घासायचे. रिकामं भांडं परत पाठवू नये, म्हणून त्यात मिरी नाहीतर आमसुलं भरायचे आणि खानापूरकडे जाणाऱ्या गाडीच्या गार्डाकडे द्यायचे. निरोप? एक शब्द नाही. "काही सांगायचंय?" असं एकदा त्या गार्डानं विचारलं, तर म्हणाले, "झाकण घट्ट आहे म्हणून सांग."

तर चित्रात हात वर केल्यावर तो लाल टोपीवाला, जागा नाही अशी मान हलवून, मारियाच्या तोंडावर दार लावतो आणि ती दोघं गाढव घेऊन गावभर फिरतात, तेवढी फीत गार्डसाहेबांनी वस्तऱ्यानं कापून काढली होती. पुढची-मागची टोकं पिकल्या केळ्यासारखा वास येणाऱ्या कसल्याशा द्रावानं चिकटवली होती. मी त्यांचा मदतनीस झालो तेव्हा फीत गुंडाळताना हा सांधा माझ्या बोटाला लागला. मी विचारलं, "इथे काय होतं?"

"रूळ खराब होता. काढला," ते म्हणाले, आणि विषय संपला.

परंतु त्या एका सांध्यामुळे आमच्या भागात एक भलतीच गोष्ट घडून बसली. बेथलेहेमच्या मुसाफिरखानेवाल्यानं मारियाला नाकारलं, हे दिग्गी, नंदिगड्डे, अणशीकडच्या माणसांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी काय बघितलं? दार उघडलं, जाड्या माणसानं हात वर करून देवाचं नाव घेतलं, आणि बाई सुखरूप बाळंत झाली. गोठ्यात झाली यात त्यांना काहीच वावगं दिसलं नाही. त्यांच्या घरांत माणसं आणि गुरं एकाच छपराखाली.

"थंडीचं दीस," गावकरीण सुनांना समजावायची. "बाळंतनीला ऊब पायजे. बैलाच्या शेजारी जागा दिली. ह्याच्यापरीस चांगलं कोन करनार? लई शाना मानूस."

बघता बघता त्या शहाण्या माणसाचा मान वाढला. खेळ संपला की बायका पडद्याकडे बघून बाळाला हात जोडायच्या, मग मुसाफिरखान्याच्या बाबाला. दिग्गीत तर नव्या तांदळाचा पहिला गोड घास त्याच्या नावानं पानाबाहेर काढून ठेवायला लागले. घरी आडवेळी पाहुणा आला आणि सून कुरकुरली, तर सासू म्हणायची, "त्या लाल टोपीवाल्याकडं बघ जरा." गार्डसाहेब हे सगळं ऐकायचे आणि कधीही कुणाला दुरुस्त करायचे नाहीत. मला ते लबाड वाटायचे आणि तितकेच आवडायचे.

असं सुरळीत चाललं असताना नवा पाद्री आला. तरुण, गोरटेला, पुस्तकं वाचून डोळे बारीक झालेला. माणूस वाईट नव्हता, फक्त ताजा होता. नाताळच्या आधी त्यानं देवळाच्या अंगणात मध विकायला बसलेल्या गावकरणीला सहज विचारलं, "आजी, येशू गोठ्यात का जन्मला, ठाऊक आहे?"

"हाय की. त्या बाबानं ऊब बघून जागा दिली."

"कुठल्या बाबानं?"

गावकरणीनं सगळं सांगितलं, गोड घासासकट. पाद्रीबाबा तिथून जे निघाले ते थेट गार्डसाहेबांच्या घरी. मी तिथेच यंत्राला तेल घालत होतो.

"तुम्ही शास्त्र कापलंत!"

"शास्त्र नाही. फीत," गार्डसाहेब म्हणाले.

"त्या माणसानं दार लावलं, म्हणून तर नाताळ! ज्याला गावात कुणी जागा दिली नाही, त्यानं सगळ्यांना जागा दिली. दार लावलेलंच दाखवलं नाहीत तर या लोकांना नाताळचा अर्थ कसा कळणार? आणि त्या पापी माणसाला हे लोक नैवेद्य दाखवतायत!"

गार्डसाहेबांनी मिशा ओढल्या. मग म्हणाले, "बरं. लावतो."

रेल्वेचा माणूस काहीही फेकत नाही. खिळ्यांच्या डब्यात ती मुठीएवढी गुंडाळी होतीच. त्यांनी सांधा सोडवला, तुकडा जागेवर बसवला, द्राव लावला. केळ्याचा वास खोलीभर पसरला.

"पाद्रीचं कशाला ऐकलंत?" मी म्हणालो.

"खरं बोलतो तो," गार्डसाहेब फितीवर फुंकर घालत म्हणाले. "दार लावलं होतं. ते काय मला पाद्रीनं सांगायला पाहिजे?"

त्या वर्षी मांडव खचाखच भरला. पाद्रीबाबा पुढे स्टुलावर बसले होते. त्यांना एकट्याला आत कसं सोडायचं हा प्रश्न आला, तर गावकरीण म्हणाली, "ह्यो बी माजाच." शिट्टी झाली, निशाण हललं. मारिया आली, जुझे आला, पायपीट झाली, मांडव 'व्हय व्हय' म्हणाला. स्टेशनात संध्याकाळची गाडी आल्याचा आवाज झाला आणि गार्डसाहेबांच्या हाताची लय जरा चुकली. ती गाडी कुणाला घेऊन येते ते मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जुझेनं दार ठोठावलं. लाल टोपीवाला बाहेर आला. मागून दोघीतिघींनी हातसुद्धा जोडले.

त्यानं हात वर केला, मान हलवली, आणि धाडकन दार लावून घेतलं.

मग जो कालवा उठला!

"दार लावलं? ह्यानं?"

"रीळ उलटं घातलं काय?"

"जुन्या बाबाची बदली झाली जनू!" नंदिगड्ड्याचा एक म्हातारा म्हणाला. हे बहुतेकांना पटलं. चांगल्या माणसाची बदली होते हा जंगलखात्याचा अनुभव होताच. ज्यांना नवा पाद्री आल्याचं ठाऊक होतं, त्यांनी स्टुलाकडे रागानं बघितलं. पाद्रीबाबांनी उभं राहून शास्त्र सांगायला तोंड उघडलं, पण एका पोरानं भोकाड पसरलं आणि शास्त्र त्यात बुडालं.

गार्डसाहेबांनी दिवा झाकला. यंत्र थांबलं. इतक्या वर्षांत खेळ चालू असताना ते गप्प राहिलेले मी कधी पाहिले नव्हते.

गावकरीण उठून उभी राहिली. "गार्डबाबा, गप का? त्याला सांगा की दार उघडायला. पोरगी भाईर हुबी हाय."

"तो चित्रातला आहे," गार्डसाहेब कसेबसे म्हणाले. "त्याला काय ऐकू येणार?"

"त्याला न्हाई. तुमाला येतंय न्हवं?"

मला वाटलं, आता हे बाईला बाहेर काढतात. गार्डसाहेबांनी कोटाची बटणं लावली. लाल दिवा उचलून यंत्रावर ठेवला.

"गाडी थांबली आहे," ते म्हणाले. "कुणी उतरू नका."

आणि ताडपत्री सारून ते बाहेर गेले.

कुणी उतरलं नाही. कंदील लावले. भाजलेले कंद निघाले. पाद्रीबाबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "काय झालं?" मी त्यांना लेकीचं सगळं सांगितलं. ते पांढरे पडले. "मला कुणी सांगितलं नाही हो," असं दोनदा म्हणाले. गावकरणीनं त्यांच्या हातात एक गरम कंद ठेवला आणि म्हणाली, "खावा. तुमी काय वंगाळ केलं न्हाई." उलटी गाडी सुटायच्या आत म्हातारा घरी पोचतो की नाही याचीच सगळ्यांना काळजी होती. गाडीची शिट्टी झाली, ती निघाली, तिचा आवाज बोगद्यात शिरून नाहीसा झाला, तरी ताडपत्री हलेना. मी देवाची प्रार्थना केली. कुठल्या देवाची ते विचारू नका, त्या वेळी जो जवळ असेल त्याची.

मग ताडपत्री बाजूला झाली. आधी गार्डसाहेब आले, छातीशी नेवऱ्यांचा डबा धरून. मागे डोळे सुजलेली लेक. तिच्या मागे टोपी हातात घेतलेला जावई, परीक्षेला इन्स्पेक्टर आल्यावर मास्तर दिसतो तसा, आणि त्याच्या खांद्यावर झोपेतून उठवलेला नातू. दिग्गीची माणसं फक्त सरकून बसली आणि पुढच्या चटईवर जागा झाली.

गार्डसाहेब माझ्याकडे वळले. "तू फिरव."

"मी? मला येत नाही!"

"येईल. एका लयीत फिरवायचं." आणि ते मांडी घालून चटईवर बसले. नातवानं लगेच त्यांचं पितळी बटण तोंडात घातलं. पाद्रीबाबांनी आपलं स्टूल जावयाकडे सरकवलं. जावई 'नको नको' म्हणत राहिला आणि शेवटी दोघंही खालीच बसले. चित्र मुकं चालू नये म्हणून गार्डसाहेबांनी जावयाला कोपरानं ढोसलं. "मास्तर आहेस ना? सांग गोष्ट."

मी दिव्यावरचं झाकण काढलं आणि दांडा धरला. खरं सांगतो, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. त्या गडबडीत मी दांडा असा काही गरगर फिरवला की पडद्यावर मारिया आणि जुझे, गाढवासकट, पळतच सुटले. जावयानं "मग ती दोघं" एवढं म्हणेपर्यंत ती अर्धं गाव ओलांडून गेली. सगळा मांडव हसायला लागला. लेकही डोळे पुसत हसत होती.

"अरे हळू!" गार्डसाहेब चटईवरून गरजले. "हळू फिरव रे, गाढवा! पोटुशी पोर आहे ती. आधीच एका बाप्यानं तिच्या तोंडावर दार लावलंय."

लेकीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मी हळू फिरवू लागलो.